नाक, नासिका आणि नाशिक

शब्दांची व्युत्पत्ति सांगण्याचा अधिकार आपणांस जन्मतःच प्राप्त झालेला आहे, अशी प्रत्येक सुशिक्षित मराठी गृहस्थाची समजूत असते. दुखण्याचा प्रश्न निघाला तर तो वैद्याकडे बोट दाखवितो, कज्जाचा निघाला तर वकिलाकडे. पण एखाद्या गांवाच्या नांवाचा किंवा घरांतील शब्दाचा उगम विचारला, कीं क्षणाचाही विलंब न लावतां तो शब्दाचे दोन तुकडे करतो, तुकड्यांस ओळखीचे अर्थ लावतो आणि निश्चिंत होतो. अवयववाचक शब्दांच्या बाबतींत तर हा मोह फारच अनावर होतो. हात, पाय, नाक, कान, डोळा, पोट हे शब्द भाषेंतील सर्वांत जुन्या ठेव्यांपैकीं असून लहान मुलासही ते अवगत असतात. त्यामुळें एखाद्या शब्दांत ‘कान’ ऐकूं आला कीं तेथें कान आहे, ‘पाय’ ऐकूं आला कीं पाय आहे, असें आपण धरून चालतों. पण ऐकूं येणें म्हणजे असणें नव्हे. प्रस्तुत लेखांत या भेदाची परीक्षा करावयाची आहे. आणि त्यासाठीं ज्या शहराचें नांवच एका अवयवावरून पडलें असें सर्व जग मानतें, त्या नाशिकासारखें दुसरें उदाहरण नाहीं.

नाशिक या नांवाच्या तीन उपपत्ति प्रचारांत आहेत. पहिली सर्वतोमुखी आहे. पंचवटींत लक्ष्मणानें शूर्पणखेचें नाक कापलें, म्हणून त्या स्थळास नासिक हें नांव पडलें. दुसरी थोड्या चिकित्सक लोकांची. शहर नऊ टेकांवर वसलेलें आहे. नऊ शिखरांचें गांव तें ‘नवशिख’, आणि त्याचा अपभ्रंश नाशिक. तिसरी आख्यायिका नसून तर्क आहे. भूमीचा जो भाग नाकासारखा पुढें आलेला असतो त्यास नाक म्हणण्याची रीति अनेक भाषांत आढळते, त्याच रीतीनें हेंही नांव पडलें असावें, असा तो तर्क. यांखेरीज युगपरत्वें या क्षेत्राचीं नांवें सांगणारी एक परंपरा आहे: कृतयुगांत पद्मनगर, त्रेतायुगांत त्रिकंटक, द्वापारांत जनस्थान आणि कलियुगांत नासिक. मोगल अमलांत गुलशनाबाद म्हणजे फुलबागेचें शहर असेंही त्याचें एक नांव होतें. मराठ्यांच्या अमलांत तें मागें पडलें. जनस्थान हें नांव मात्र अद्याप जिवंत आहे, आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या पुरस्कारामुळें तें महाराष्ट्रभर वाचकांच्या ओठीं आहे.

आतां प्रमाणांकडे वळूं. सर्वांत जुनें लेखी प्रमाण कोरीव आहे. शहराच्या दक्षिणेस त्रिरश्मि डोंगरावर जीं चोवीस लेणीं आहेत, त्यांपैकीं एकोणिसाव्या लेण्यांत सातवाहन कुलांतील कण्ह म्हणजे कृष्ण राजाच्या कारकीर्दींतील एक लेख आहे. तें लेणें श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या एका महामात्रानें खोदविलें, आणि तो नासिकचा होता, असें त्यांत प्राकृत भाषेंत नमूद आहे. शेजारच्या अठराव्या लेण्याच्या, म्हणजे चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील एका दानलेखांतही नासिककरांचा उल्लेख आहे. हे लेख इसवी सनापूर्वींचे आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत टॉलेमी या ग्रीक भूगोलकारानें आपल्या यादींत नासिक हेंच नांव दिलें आहे. म्हणजे सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं हें नांव आजच्याच घडणीचें होतें.

परंतु याहून कुतूहलाचें प्रमाण व्याकरणग्रंथांत आहे. इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकांतील समजल्या जाणाऱ्या पतंजलीच्या महाभाष्यांत नासिका या शब्दाची चर्चा आली आहे. ‘य’ हा प्रत्यय लागतांना नासिका या शब्दाच्या जागीं ‘नस्’ येतो, असा नियम. म्हणून नाकांत घालावयाच्या औषधास ‘नस्य’ म्हणतात. पण या नियमास दोन ठिकाणीं अपवाद करावा लागतो, असें भाष्यकार सांगतात: वर्णाविषयीं बोलतांना आणि नगराविषयीं बोलतांना. नाकांतून उच्चारला जाणारा वर्ण तो नासिक्य, आणि नगर तेंही नासिक्य. हें नगर म्हणजे आपलें नाशिकच, असें विद्वान मानतात. हा अपवाद नसता तर या क्षेत्राचें नांव ‘नस्य’ झालें असतें, आणि तपकिरीच्या डबीवर शोभणारें नांव तीर्थक्षेत्रास मिळालें असतें! विनोद सोडला तरी यांतून निघणारा मुद्दा महत्त्वाचा आहे. बावीसशें वर्षांपूर्वींच्या वैयाकरणास हें नांव नासिका या शब्दापासूनच साधलेलें दिसत होतें. आणि तें साधतांना त्यास शूर्पणखेची आठवण करून द्यावी लागली नाहीं.

या प्रमाणांपुढें ‘नवशिख’ टिकत नाहीं. मराठीच्या ध्वनिनियमांकडे पाहिलें तर संस्कृतांतील ‘अव’ याचा ‘ओ’ होतो. लवणाचें लोण झालें, लाण झालें नाहीं. तेव्हां ‘नव’चा ‘ना’ होण्यास आधार नाहीं. दोन स्वरांमधील ‘ख’ प्राकृतांत ‘ह’ होतो. मुखाचें मुह झालें, मुक झालें नाहीं. म्हणजे नवशिखाचा अपभ्रंश व्हावयाचाच तर तो कांहीं निराळाच झाला असता. शिवाय अपभ्रंश होण्यास काळ लागतो. येथें तर अपभ्रंश म्हणून जें रूप सांगतात तें इतिहासाच्या पहिल्याच पानावर उभें आहे, आणि ज्यास मूळ म्हणतात त्या नवशिखाचा माग पुढील काळांतील बोलण्यांतच लागतो. नऊ टेकांची म्हण गांवाचें वर्णन म्हणून खरी असूं शकते. तें गांवाच्या नांवाचें कारण नव्हे.

कित्येकांस ‘नाशिक’ यांतील ‘श’ खटकतो आणि नासिक हेंच शुद्ध असें ते म्हणतात. हाही आक्षेप व्यर्थ आहे. इ-काराच्या अगोदरच्या ‘स’चा ‘श’ करणें हा मराठीचा जन्मस्वभाव आहे. सीमेची शीव झाली, सीव् धातूचें शिवणें झालें, सिंदुराचा शेंदूर झाला. त्याच न्यायानें नासिकचें नाशिक झालें. नासिक हें प्राकृत व संस्कृत रूप, नाशिक हें मराठी. मराठी मनुष्यानें मराठी रूप वापरण्यांत अशुद्ध तें काय?

राहिली शूर्पणखा. नांव नासिकेवरून पडलें हें मान्य केलें म्हणजे ही कथा आपोआप सिद्ध झाली, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें येथेंच खरी चूक आहे. नासिका या शब्दाचा अर्थ नाक एवढाच होतो. तें कापलें गेलें, याची सूचना त्या शब्दांत कोठेंही नाहीं. कापलेल्या नाकासाठीं आपल्या भाषेंत ‘नकटा’ असा स्वतंत्र शब्द आहे. शिवाय वाल्मीकीच्या कथेप्रमाणें लक्ष्मणानें नाकाबरोबर कानही कापले. मग गांवाच्या नांवांतून कान कोठें गेले? नांव अगोदर होतें, त्यांत नाक ऐकूं येत होतें, आणि ज्या अरण्यांत ही कथा घडली तें अरण्य याच परिसरांत मानलें जात होतें. या तीन गोष्टी एकत्र आल्या कीं कथा नांवास येऊन चिकटते, यांत नवल नाहीं. कथा खोटी ठरवावयाचा आमचा हेतु नाहीं; यात्रेकरूस ती प्रिय आहे व काव्याच्या जागीं ती योग्यच आहे. पण एका स्त्रीच्या विटंबनेची खूण म्हणून एवढें प्राचीन शहर स्वतःचें नांव मिरवितें, असें शालेय पुस्तकी थाटांत सांगण्यापूर्वीं शब्दाची साक्ष काढावयास पाहिजे; आणि शब्दाची साक्ष अशी कीं, नाक शाबूत आहे.

तर मग नाक कोणाचें? भूमीचें, असें तिसरा पक्ष म्हणतो. भूमीस शरीर कल्पिण्याची आपली संवय लक्षांत घेतां हा तर्क हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. सह्याद्रीच्या आश्रयास राहणारा मराठी मनुष्य डोंगरास माथा देतो, त्यावरून घाटमाथा होतो. पाय देतो, त्यावरून पायथा होतो. पुढें उतरत गेलेल्या धारेस तो सोंड म्हणतो, खिंडीस तोंड देतो व नदीस मुख देतो. इंग्रजींत भूशिरास केप म्हणतात, तो शब्द मस्तकवाचक लॅटिन ‘कापुत’पासून आलेला आहे, आणि भूशिर या आपल्या शब्दांतही शिरच आहे. डंजनेस यासारख्या इंग्रजी नांवांच्या शेवटीं जो ‘नेस’ येतो, त्याचा अर्थ समुद्रांत शिरलेलें जमिनीचें टोंक, आणि त्याचें नातें नाकवाचक शब्दाशीं जोडतात. खंडाळ्याच्या घाटांतील एका सुळक्यास इंग्रजांनीं वेलिंग्टनच्या प्रसिद्ध नाकावरून ‘ड्यूक्स नोज’ म्हटलें. आपल्या लोकांस तेथें नागाची फणी दिसली आणि त्यांनीं नागफणी म्हटलें. एकच कातळ, पण पाहणाऱ्यागणिक अवयव निराळा. नाशकास रामकुंडापाशीं गोदावरी दक्षिणेकडे वळते, आणि जुन्या वस्तीचा उंचवटा नदीच्या कांठावर उभा आहे. जुनी गढी म्हणून जें मातीचें टेंकाड प्रसिद्ध आहे, तेथें १९५०-५१ सालीं डेक्कन कॉलेजच्या सांकलिया व देव यांनीं उत्खनन केलें, आणि वस्तीचा माग ताम्रपाषाणयुगापर्यंत नेऊन दाखविला. नदीवर डोकावणाऱ्या अशा उंचवट्यास तेथील पहिल्या रहिवाशांनीं नाक म्हटलें असेल, हें संभवनीय आहे. पण संभव म्हणजे सिद्धि नव्हे. व्युत्पत्तीनें शब्दाचें घटकद्रव्य कळतें. तें नांव कां दिलें, याचें कारण तिच्या पोटांतून दर वेळीं बाहेर पडतेंच असें नाहीं. या दोन प्रश्नांची गल्लत न करणें हीच शास्त्राची पहिली पायरी होय.

येथें आणखी एक मौज आहे. नाशिक नासिकेपासून आलें. पण मराठीतील ‘नाक’ हा शब्द नासिकेपासून आलेला नाहीं. त्याचा पूर्वज प्राकृतांतील ‘णक्क’. संस्कृतांतही ‘नाक’ असा शब्द आहे, पण त्याचा अर्थ स्वर्ग. तेव्हां ‘नाकीं नऊ येणें’ याचा स्वर्गाशीं संबंध जोडण्याचा उद्योग कोणी करूं नये. म्हणजे नाशिककराच्या चेहऱ्यावर एक शब्द आहे आणि गांवाच्या वेशीवर दुसरा. गांवाच्या सीमेवर तर तिसराच प्रकार दिसतो. मुंबई नाका, त्र्यंबक नाका हीं नांवें तेथें नित्याचीं आहेत. नाका म्हणजे रस्त्याचें तोंड, जकात घेण्याची जागा. नाक जसें चेहऱ्याच्या पुढें, तसा नाका गांवाच्या पुढें, अशी कल्पना या शब्दाच्या मुळाशीं असावीसें दिसतें. तें नातें धरलें तर या शहरानें नासिकेचें व नाकाचें दोन्हीं कुळें एकाच वस्तींत नांदविलीं, असें म्हणावें लागेल.

शहराची वेस ओलांडून आतां भाषेच्या मोठ्या पेठेंत जाऊं. आपल्या राज्यव्यवहाराच्या शब्दांत मस्तक पावलोपावलीं भेटतें, पण तें फारसी वेषांत. फारसींत डोक्यास ‘सर’ म्हणतात. सरदार, सरकार, सरनोबत यांत तें आहे. संस्कृतानें हेंच काम मुखाकडे सोंपविलें. मुख्य, प्रमुख, देशमुख. १७१९ च्या सनदांनीं मराठ्यांस चौथाईबरोबर शेंकडा दहा या दरानें सरदेशमुखीचा हक्क मिळाला. त्या सरदेशमुख या शब्दांत फारसी डोकें आणि संस्कृत तोंड एकाच देशाच्या दोन बाजूंस बसलेलें आहे! इंग्रजी अमलांत शाळेवर हेडमास्तर आला तेव्हां डोकें परत आलें. त्याचा मुख्याध्यापक झाला तेव्हां पुन्हा तोंड आलें. बातमीच्या डोक्यावर जें छापतात त्यास इंग्रजींत हेडलाइन, संस्कृतांत शीर्षक, आणि आपल्या घरच्या भाषेंत माथ्यापासून झालेला मथळा. तीन भाषा, एकच अवयव. आणि तिघींत मथळा सर्वांत सुटसुटीत, हें कोणीही कबूल करील.

अवयवांची अशीच दाटी हातरुमालांत आहे. फारसी ‘रू’ म्हणजे चेहरा आणि ‘माल’ म्हणजे पुसणारें. रुमाल म्हणजे तोंडपुसणें. पुढें त्यांत कागद बांधूं लागले, आणि पेशवे दप्तरांतील कागदांचे गठ्ठेही रुमाल झाले. मूळचा अर्थ विसरल्यावर आपण त्यामागें हात लावला. इंग्रजांचीही हीच कथा. त्यांच्या हँडकरचीफ या शब्दांतील उत्तरार्धाचा मूळ फ्रेंच अर्थ डोक्यावर घ्यावयाचें वस्त्र. त्यामागें हात लागला तेव्हां डोक्याचें वस्त्र हातांत आलें. दोन्हीं भाषा परस्परांस न विचारतां एकाच वाटेनें गेल्या. दंडाच्या फुगवट्याचेंही तसेंच. लॅटिन लोकांस तेथें कातडीखालीं पळणारा लहान उंदीर दिसला, आणि त्यावरून इंग्रजीचा मसल हा शब्द आला. आपल्या तालमींतील पोरांस तेथें बेडूक दिसला, आणि त्यांनीं बेडकुळी काढून दाखविली.

आतां फसव्या शब्दांकडे पाहूं. पायमल्लींत पाय आहे खरा, पण तो फारसी पाय. ‘पायमाल’ म्हणजे पायाखालीं तुडविलेला. मल्लाचा तेथें कांहीं संबंध नाहीं. आपला पाय संस्कृत पादापासून प्राकृताच्या वाटेनें आला. फारसी पाय त्याचा दूरचा भाऊबंद. पायजम्यांतील पाय फारसी, पायवाटेंतील पाय मराठी, आणि कानास दोघांत तिळमात्र भेद जाणवत नाहीं. कानाडोळा करण्यांत कान व डोळा एकत्र आले असें सर्वांस वाटतें. पण तेथें काणा डोळा, म्हणजे बघून न बघणारा तिरपा डोळा, मानणें अधिक सयुक्तिक आहे. मानकऱ्याच्या मानेचा त्याच्या मानाशीं संबंध नाहीं, जरी कित्येक मानकरी ती ताठ ठेवून असा संबंध सिद्ध करण्याची खटपट करीत असले तरी. ध्वनीचें साम्य हा साक्षीदार बोलका खरा, पण विश्वासू नव्हे.

या सर्व चर्चेंतून एक व्यवहाराची गोष्ट निघते, आणि तीसाठींच हा प्रपंच केला. अवयववाचक शब्द म्हणजे लोकांची नवे शब्द पाडण्याची टांकसाळ होय. ‘पोट’ हाच शब्द घ्या. जात्याच्या आंत दुसरी जात निघाली ती पोटजात. सर्व्हे नंबराच्या आंत वांटणी झाली तो पोटहिस्सा. त्याच नंबरांतील लागवडीस अयोग्य जमीन तो पोटखराबा. भाडेकऱ्याच्या आंत दुसरा भाडेकरू तो पोटभाडेकरू. निर्वाहासाठीं द्यावयाची रक्कम ती पोटगी. हे शब्द कोणत्याही समितीनें बसून केले नाहींत. कुळकर्ण्यांच्या दप्तरांत आणि कुळांच्या तोंडीं ते तयार झाले, आणि निरक्षर शेतकऱ्यासही ते समजावून सांगावे लागत नाहींत. इंग्रजीचा ‘सब’ म्हणजे खालचा. त्यांत वरिष्ठ आणि कनिष्ठ अशी उतरंड आहे. आपलें पोट म्हणजे आंतलें. त्यांत आईच्या उदरांतील मुलाची कल्पना आहे. कचेरीच्या मराठीनें मात्र जेथें तेथें ‘उप’ हा उपसर्ग लावून ठेवला आहे. पोटकलमाचें उपकलम केल्यानें अर्थ वाढला नाहीं, सोपेपणा तेवढा कमी झाला. उपसर्गाचा आम्हांस द्वेष नाहीं. उपनगर हा चांगला शब्द आहे. परंतु जेथें घरचें नाणें चालत आहे तेथें तें बाद करून परकी सांच्यांतून काढलेलें संस्कृत नाणें पाडणें, ही भाषेची सेवा नव्हे.

आपल्या कोशकारांनीं या टांकसाळीचा हिशेब कितपत ठेवला आहे? मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. प्रयोग नोंदण्याच्या कामीं ती अद्याप आश्चर्यकारक वाटते. पण उगमाविषयीं हा शब्द संस्कृत, हा फारसी, हा हिंदुस्थानी, अशी अक्षरखूण करण्यापलीकडे ती सहसा जात नाहीं. राजवाड्यांची प्रतिभा अफाट, पण प्रत्येक मराठी शब्द संस्कृताच्या दारांत नेऊन उभा करण्याचा त्यांचा हव्यास त्याहून अफाट. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश १९४६ सालीं प्रसिद्ध झाला. शिस्तीनें काम करणारा मोठा ग्रंथ म्हणून त्याचें ऋण आम्ही मानतों. पुढें १९६६ सालीं टर्नर यांच्या तौलनिक कोशानें मराठी शब्दांस त्यांच्या भावंडांच्या पंक्तींत बसविलें, आणि १९९९ सालीं तुळपुळे व फेल्डहाउस यांच्या कोशानें जुन्या मराठीचे आधार हातीं दिले. पण या सर्वांचा भर शब्दाच्या रूपावर आहे. रूपाचा प्रवास सांगणें हें काम अर्धें झालें. नाकाचा नाका केव्हां झाला, रुमालांत कागद कधीं बांधूं लागले, पोटाचा अर्थ ‘आंतील’ असा प्रथम कोणत्या कागदांत आला, हा अर्थाचा प्रवास दाखल्यांसह व सालवार सांगणारा कोश मराठीस पाहिजे आहे. त्याचें साहित्य लेण्यांच्या भिंतींवर, महानुभावांच्या पोथ्यांत, पेशवे दप्तरांत आणि गांवच्या जुन्या फेरफारांत पडून आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद यथार्थ आहे, आणि आपल्या भाषेच्या प्राचीनतेचा दाखला म्हणून नाशिकच्या लेण्यांकडे आपण अभिमानानें बोट दाखवितों. पण प्राचीनतेचा अभिमान बाळगणाऱ्यानें प्राचीनतेचा अभ्यासही केला पाहिजे. लेण्यांतील अक्षरें दोन सहस्र वर्षें नांव नीट सांगत असतां, आपण तें न वाचतां ऐकीव कथेवर विसंबून राहिलों, तर नाक कापलें जाईल तें शूर्पणखेचें नव्हे.